विहीणबाईंचं बोट

विहीणबाईंचं ते बोट मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. लग्नाचं बोलायला दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एकत्र बसली होती. गप्पा रंगात आल्या होत्या आणि मध्येच ह्या बाईंचं उजव्या हाताचं बोट उठलं, मुलीच्या कानामागे टेकलं आणि मानेवरून सरळ गळ्याच्या हाडापर्यंत उतरलं. तोंडाने बोलणं चालूच. मुलगीही खुशाल चहा ढवळत होती, जसं काही झालंच नाही. मी आमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच मला गप्प केलं, नंतर सांगतो म्हणून.

नंतर कळलं ते असं. सगळ्यांच्याच मेंदूभोवती पाणी असतं म्हणे, आणि ते आपोआप जिरतं. सूनबाईचं जिरत नव्हतं. तान्ही असतानाच तिच्या डोक्यात एक बारीक नळी बसवली. ती कानामागून, मानेतून, छातीवरून, सगळी कातडीखालूनच पोटात जाते आणि जास्तीचं पाणी तिथे सोडते. शंट म्हणतात तिला. वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, पण बोट फिरवलं तर कातडीखाली जाड दोरा असावा तसं हाताला लागतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, नळीवर लक्ष ठेवा, कुठे सूज वाटली तर लगेच या. झालं! बाईंनी ते असं काही मनावर घेतलं की पोर शाळेत गेली, नोकरीला लागली, लग्न होऊन माझ्या घरी आली तरी बोट थांबायचं नाव नाही. भेटली की बोट, निघाली की बोट. लग्नाच्या फोटोत सगळे दात काढून हसतायत आणि ह्यांचं बोट मुलीच्या मानेवर.

मी काही ऐकून आणि बघून गप्प बसणाऱ्यातली नाही. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत माझी नोकरी झाली. "गाडी कधी येणार" हा एकच प्रश्न जन्मभर ऐकल्यावर कोणाच्याही जिभेला काटे फुटतील. "विहीणबाई, कलिंगड पिकलंय का बघताय?" असं मी विचारायची. नाहीतर म्हणायची, "घ्या तपासून, सासरी नळी झिजली असेल हो." त्या कसनुसं हसायच्या आणि हात मागे घ्यायच्या. उलटून एक शब्द बोलायच्या नाहीत. खरं सांगते, त्याचाच मला जास्त राग यायचा. भांडायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं ना!

सूनबाईला सातवा महिना लागला आणि तिचं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, दुखतं. उलट्या सुरू झाल्या. मी म्हटलं, होतात. मी कोण मोठी डॉक्टर लागून गेले होते! मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात गाजरं चिरायला बसली आणि हातात सुरी तशीच धरून झोपून गेली. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण हेच तिला आठवावं लागतंय. चिरंजीव कामासाठी परगावी. मी विहीणबाईंना फोन लावला.

त्या चपला घालून दारात उभ्याच असाव्यात, इतक्या लवकर आल्या. आल्या आल्या काय केलं असेल? बोट.

"नळी तर लागतेय हाताला," त्या म्हणाल्या.

"लागणारच. ती काय उठून फिरायला जाणार आहे?" मी म्हटलं.

टॅक्सीत सूनबाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली. तिच्या आईला ती 'ए आई' म्हणते आणि मला 'अहो आई'. विहीणबाई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी होत्या. सूनबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "अहो आई, आज तरी आईला काही बोलू नका हं. ती फार घाबरलीय."

"मी कधी काय बोलते गं?"

तिने दुखणारं डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं.

"बरं बाई, नाही बोलत. शब्द दिला," मी म्हटलं.

हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टर होत्या त्या मोजकं बोलणाऱ्या, पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी सूनबाईच्या डोळ्यांत उजेड टाकून आतला पडदा पाहिला, हातपाय उचलायला लावले, बाळाचे ठोके ऐकवले. मग आम्हा दोघींना समोर बसवून म्हणाल्या, "उलट्या, डोकेदुखी, झोप, हे सगळं गरोदरपणाचंही असू शकतं आणि नळी तुंबल्याचंही. पोटात बाळ आहे तेव्हा डोक्याचा सीटी स्कॅन शक्यतो टाळूया. एमआरआय म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. हिच्या नळीत पाणी किती सोडायचं ते ठरवणारी झडप चुंबकाने लावलेली आहे, ती हलेल, पुन्हा लावावी लागेल. गरज पडली तर तेही करू. पण आधी एक साधी तपासणी करूया."

साधी म्हणजे किती साधी, तर बर्फाची! मानेवर नळीच्या जागी बर्फ ठेवायचा. नळीतून पाणी वाहत असेल तर ते गार होऊन खाली उतरतं आणि छातीवरची कातडी नळीच्या वाटेने गार पडते. आपल्याला दिसत नाही, पण अंगातली उष्णता टिपणारा कॅमेरा असतो, त्याला ती गार रेघ दिसते.

"रेघ दिसली तर नळी चालू आहे. नाही दिसली तर तुंबलेली असण्याची शक्यता फार, मग मी एक क्षण थांबणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि तुंबली असेल तर?" विहीणबाईंनी विचारलं.

"तर मेंदूवर दाब वाढतोय. जिवावर बेतू शकतं. हिच्याही आणि बाळाच्याही."

विहीणबाईंनी माझा हात धरला. कधी धरत नाहीत. मीही सोडवून घेतला नाही.

तपासणीची खोली लहानशी होती. पंखा बंद, पडदे ओढलेले, वाऱ्याची झुळूकही नको म्हणून दाराच्या फटीला खालून कापड लावलेलं. मागे रेलायची एक खुर्ची, तिच्यासमोर तिकाटण्यावर कॅमेरा आणि बाजूला टेबलावर त्याचा टीव्हीसारखा पडदा. तिथे काम करणारी पोरगी चुणचुणीत होती, केस घट्ट बांधलेली, बोलताना हात हलवणारी. मी मनातल्या मनात तिचं नाव फोटोवाली ठेवलं. तिने सूनबाईला गळ्यातली साखळी काढायला लावली, गाऊन खांद्यावरून खाली ओढला आणि म्हणाली, "आता जरा वेळ नुसतं बसायचं. अंग खोलीला सरावू दे. आणि मानेला, छातीला अजिबात हात लावायचा नाही."

हे ती सूनबाईला म्हणाली. सूनबाईने मान डोलावली. विहीणबाईंनीही डोलावली.

पहिला फोटो बर्फाच्या आधीचा. पडद्यावर सूनबाई नारिंगी दिसत होती, गळ्याशी पिवळी, आणि नाकाचा शेंडा निळा.

"अगं, नाक निळं का दिसतंय?" मी घाबरून विचारलं.

"सगळ्यांचं नाक गारच असतं, काकू. तुमचंही दाखवू?"

"नको. माझं नाक आहे तिथे बरं आहे."

सूनबाई हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

मग फोटोवालीने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे आणि थोडं पाणी भरलं आणि मानेवर ठेवलं. पण सूनबाईची मान झोपेने कलत होती आणि पिशवी सारखी घसरत होती. "मावशी, तुम्ही जरा धरता का? मी वेळ बघते," फोटोवाली विहीणबाईंना म्हणाली. विहीणबाई लगेच पुढे झाल्या. त्यांनी पिशवी अशी धरली की हलणार नाही. बोटं लालबुंद झाली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पण बाईंनी हात बदलला नाही. मला मनातून बरं वाटलं, कबूल करायला हरकत नाही.

घंटी वाजली. फोटोवालीने पिशवी काढून घेतली, टॉवेलने सूनबाईची मान नीट टिपली, पिशवी बेसिनमध्ये टाकली आणि पडद्याकडे वळून बटणं दाबायला लागली.

आणि विहीणबाईंचं बोट उठलं. कानामागे टेकलं, मानेवरून उतरलं, गळ्याचं हाड ओलांडून छातीवर गेलं. "चाललंय ना गं पाणी, बाळा?" त्या पुटपुटल्या. मी तोंड उघडलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण टॅक्सीत दिलेला शब्द आठवला आणि ते मिटलं. मनात म्हटलं, मरू दे, आईचा जीव आहे.

फोटोवालीने फोटो घेतला आणि आनंदाने ओरडलीच, "बघा! बघा मावशी! आली रेघ!"

काय सुंदर रेघ होती ती! नारिंगी अंगावर निळी, सरळ, ठसठशीत. गळ्याच्या हाडाच्या वरून निघून छातीवर उतरलेली. विहीणबाईंनी दोन्ही हात जोडले आणि रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले. डॉक्टर आत आल्या, वाकून पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "छान. वाहतंय व्यवस्थित. डोळ्याचा पडदाही मला ठीक वाटला होता. मग ही गरोदरपणातली डोकेदुखी समजूया. आज घरी जा, झोपू दे तिला भरपूर. जास्त वाटलं तर लगेच या." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी तिथूनच चिरंजीवांना फोन लावला. "काही काळजी करू नकोस, बायकोची नळी ठणठणीत आहे. तूच तिकडे वेळेवर जेव," असं सांगितलं. फोनवर तो किती वेळ नुसता श्वास सोडत होता.

सूनबाई गाऊन सारखा करत होती. बटण लावायला वेळ लागत होता तिला. ती म्हणाली, "अहो आई, मला वर बघता येत नाहीये."

"कुठे वर?"

"वर. छताकडे. डोळे जातच नाहीयेत."

"झोप झाली की जातील," मी म्हटलं. असं म्हटलं मी! निळी रेघ बघून बसले होते ना. पडद्यावर दिसलेलं खरं आणि समोर बसलेली पोर बोलते ते खोटं.

निघायची तयारी झाली. विहीणबाई रुमालाने डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता त्यांचं बोट पुन्हा मुलीच्या मानेकडे निघालं. आता मात्र माझ्याने राहवेना. काळजी सरली होती, जीभ मोकळी झाली होती. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"झालं ना आता समाधान, विहीणबाई?" मी म्हटलं. "एवढं मोठं मशीन आणलंय, पण ह्यांचा मशीनवर भरवसा नाही. ही बिचारी बटणं दाबतेय तोवर ह्यांनी आपलं बोट फिरवून घेतलं! हातातून बर्फाचं पाणी टपकतंय, पण सवय जाईल तर शपथ. तू कशाला गं कॅमेरा आणलास? ह्यांचं बोटच टांगायचं तिकाटण्यावर."

विहीणबाई नेहमीसारख्या कसनुसं हसल्या आणि हात मागे घेतला. मला वाटलं फोटोवाली तरी खळखळून हसेल. ती वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"काय म्हणालात, काकू?"

"काही नाही गं, आमची आपली थट्टा."

"नाही, सांगा. बोट कधी फिरवलं?"

"तू पिशवी ठेवायला गेलीस ना, तेव्हा."

"फोटोच्या आधी? कुठून कुठे?"

मी माझ्याच गळ्यावर दाखवलं. फोटोवालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ती विहीणबाईंकडे वळली. "मावशी, मी म्हटलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"तिला म्हणालात ना," विहीणबाई गोंधळून म्हणाल्या. "मी कुठे... मी आई आहे तिची."

त्यांनी हे असं म्हटलं, जणू आईचा हात म्हणजे हात नसतोच.

फोटोवालीने बेसिनमधली पिशवी आणून विहीणबाईंच्या हातात दिली. "धरा. मघाशी धरली होती तशीच धरा." विहीणबाईंनी धरली. फोटोवालीने स्वतःची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात कॅमेऱ्यासमोर आडवा ठेवला. "आता पिशवी खाली ठेवा आणि माझ्या हातावर बोट फिरवा."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी भीत भीत त्या पोरीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बोट ओढलं.

पडद्यावर रेघ उमटली. निळी, सरळ, ठसठशीत.

"माझ्या हातात नळी नाहीये, मावशी," फोटोवाली म्हणाली.

अगं आई गं! मी भिंत धरली. डोळ्यांसमोर ती रेघ होती आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. म्हणजे मघाची रेघ? म्हणजे मी फोनवर सांगितलं ते? म्हणजे आम्ही आता हिला टॅक्सीत घालून घरी नेणार होतो आणि दार लोटून झोपवणार होतो?

विहीणबाई आपल्या बोटाकडे बघत होत्या. "हे मी केलं?" त्या म्हणाल्या. "ती रेघ मी काढली?"

फोटोवालीने डॉक्टरांना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. मग तिने सूनबाईला पुन्हा खुर्चीत रेलवलं. अंगाला पुन्हा ऊब येईपर्यंत थांबणं भाग होतं, नाहीतर पहिल्या बर्फाचाच गारवा दिसला असता. त्या थांबण्याइतकं वाईट मी आयुष्यात काही सोसलेलं नाही. सूनबाई हाकेला ओ देईनाशी झाली होती. मी तिच्या पायाचा तळवा चोळत होते आणि काहीबाही बोलत होते, गाजरं तशीच राहिलीत, तूच येऊन चिरायचीस, मी हात लावणार नाही. विहीणबाई पार कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात काखेत दाबून. मुलगी कण्हली की त्यांचं सगळं अंग पुढे झुकायचं आणि त्या पुन्हा भिंतीला टेकायच्या.

ह्या वेळी पिशवी फोटोवालीने स्वतः धरली. डॉक्टर पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. घंटी वाजली. मान टिपली. खोलीत कोणी हाललं नाही.

पडदा सगळा नारिंगी होता. जिथे बर्फ ठेवला होता तेवढाच मानेवरचा ठिपका निळा, आणि त्याच्याखाली काही नाही. फोटोवालीने एकामागून एक फोटो घेतले. मी डोळे फाडून बघत होते. कुठेतरी दिसेल, बारीक का होईना, केसाएवढी दिसेल. नाही दिसली. पोरीचं अंग चांगलं ऊबदार होतं, निरोगी माणसाचं असतं तसं, आणि ते बघून मला धडकी भरत होती.

"वर बघा," डॉक्टर सूनबाईला म्हणाल्या. पापण्या उचलून धरल्या. डोळे वर गेले नाहीत. "दाब चढलाय," त्या म्हणाल्या.

"तिने सांगितलं होतं मला," मी म्हणाले. "मघाशीच सांगितलं होतं. मी म्हटलं, झोप झाली की जातील."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दाराकडे वळून मोठ्याने सूचना देत होत्या. माणसं धावत आली, खुर्चीवरून स्ट्रेचरवर उचललं, दाराखालचं कापड चाकात अडकलं ते कोणीतरी लाथेने उडवलं. कॉरिडॉरमधून स्ट्रेचर पळत गेलं आणि आम्ही दोघी मागे राहिलो. फोटोवाली खोलीच्या दारात उभी राहून रडत होती. "मी पाठ फिरवली," ती सारखी म्हणत होती, "मी पाठ फिरवली." एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. पण मला शब्द सापडत नव्हते.

मला! शब्द!

ऑपरेशन थिएटरबाहेर एक लांब बाक होता. आम्ही त्याच्या दोन टोकांना बसलो. मी चिरंजीवांना पुन्हा फोन केला. "मघाशी सांगितलं ते चुकीचं होतं, निघ," एवढंच म्हटलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते मला प्रश्नांपेक्षा जड गेलं.

मग मी तिथे बसून एकच गोष्ट घोळवत राहिले. मी तो टोमणा मारला नसता तर? मारणार नव्हतेच. शब्द दिला होता. मी शब्दाला जागले असते, शहाण्यासारखी वागले असते, तोंड मिटून चालू लागले असते, तर आत्ता ती पोर घरी माझ्याच पलंगावर पडली असती आणि मी शेजारच्या खोलीत आवाज न करता वावरत असते, तिची झोप मोडू नये म्हणून. हे मनात यायचं. ते गेलं की पुन्हा तेच यायचं. भीती वाटत होती ती वेगळीच, पण धक्का ह्याचा होता. मी चांगली वागले असते, तर ती मेली असती.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. टोपी काढून हातात धरली होती. आम्ही दोघी एकदम उठलो.

"दोघंही ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "बाळाचे ठोके चांगले आहेत. नळीचं पोटातलं टोक पूर्ण बंद झालं होतं. ते आता दुसरीकडे सोडलंय. नळी उघडल्या उघडल्या पाणी जोरात आलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मघाशी ती झोपत नव्हती. शुद्ध हरपत होती. घरी नेलं असतं, तर सकाळी उठली नसती." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तुमच्या लक्षात आलं."

त्या गेल्या. मी बाकावर धपकन बसले. बरं झालं तुमच्या लक्षात आलं! माझ्या काय कप्पाळ लक्षात आलं होतं?

विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला गेल्या आणि मध्येच थांबल्या, स्वतःचाच हात स्वतःच्या मांडीवर ठेवला. "तुमचे उपकार मी कसे..." त्यांनी सुरुवात केली.

"गप्प बसा!" मी ओरडले. समोरून जाणारा माणूस दचकला. मी आवाज खाली आणला. "उपकार कसले? मी तुमची फजिती करायला बोलले होते. त्या पोरीपुढे तुम्हाला खाली बघायला लावायचं होतं. नळी, रेघ, गारवा, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं माझ्या. निव्वळ खोडसाळपणा होता तो."

"माहीत आहे मला," विहीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"टोमणा होता. मला काय टोमणा ओळखू येत नाही? लग्न झाल्यापासून खातेय तुमचे."

मला रडू फुटलं. पदराआड, रुमालाआड नाही, सगळ्यांसमोर भोकाड पसरलं म्हणा ना. "चुकलं माझं," मी म्हटलं. "आजवर जे जे बोलले ते सगळं चुकलं. आजपासून तोंडाला कुलूप. तुम्हाला वाकडा शब्द बोलणार नाही मी."

आणि ती बाई, जिने मला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं, ती ताडकन उठून माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा लाल.

"खबरदार!" त्या म्हणाल्या. "खबरदार गोड बोलायला लागलात तर! अहो, मला नाही दिसत मी काय करते ते. मी हात लावला हेच मला माहीत नव्हतं. ती म्हणाली लावू नका, मी हो म्हटलं, आणि लावला. मला माझा हात दिसत नाही. तुम्हाला दिसतो. आजवर एकट्या तुम्हालाच दिसलाय, बाकी सगळे म्हणतात, आई आहे, चालायचंच. तुम्ही बोलायचं. मला लागलं तर लागू दे. तुम्ही चांगुलपणाने गप्प बसलात तर माझी मुलगी जाईल!"

एवढं बोलून त्या दमल्यासारख्या खाली बसल्या. मी तोंडाचा आ करून त्यांच्याकडे बघत होते. कोण ही बाई? इतकी वर्षं कुठे होती?

दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. "शुद्धीवर येतेय. कोणीतरी एकजण या आत."

"तुम्ही जा," विहीणबाई मला म्हणाल्या.

"मी कशाला? आई तुम्ही आहात."

"मी नाही जात." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. "मी आत गेले की माझा हात जाईल. ताजी जखम आहे तिथे. जाईलच. मला कळणारसुद्धा नाही."

मी उठले. त्यांचा तो उजवा हात पाठीमागून ओढून काढला आणि माझ्या मुठीत धरला. "चला," मी म्हटलं. "हलला की पिरगळीन."

"एकजण म्हटलं ना मी," नर्स म्हणाली.

"बाई, ह्यांना एकट्यांना आत सोडलं तर तुमचंच काम वाढेल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी आत गेलो. सूनबाईचं अर्धं डोकं पट्ट्यांत होतं, मानेवर चिकटपट्टी, पोटावर ठोके मोजणारा पट्टा. आमची चाहूल लागली तसे तिने डोळे उघडले. आम्ही उशाशी उभ्या होतो, म्हणून तिने वर पाहिलं.

माझ्या मुठीतला हात एकदम जोरात ओढला गेला. मी सोडला नाही.